चुकलं तिथेच थांबवणाऱ्या इनामदारबाई

प्रा. झुबेदा इनामदार यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी आधी बाईंनाच फोन केला. त्यांची परवानगी घ्यावी, एवढाच हेतू होता. बाई म्हणाल्या, "लिहा की. पण लिहाल ते तपासून घ्या. गौरवग्रंथात आजवर कुणाची चूक झालेली मी वाचलेली नाही. इतकी निर्दोष माणसं या शहरात असती, तर रस्त्यावर एवढे खड्डे कुठून आले असते?" मी बरे म्हटले आणि फोन ठेवला. मग पुष्कळ विचार करून असे ठरवले, की बाईंच्या चुकीबद्दलच लिहायचे. ती चूक उघडी पडली त्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि बाई केवढ्या मोठ्या आहेत ते मला तेव्हा कळले. संपादकांना हे अप्रशस्त वाटले तर त्यांनी बाईंशी बोलून घ्यावे. माझी शिफारस अशी, की बोलू नये.

बाईंची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात नुकतीच आले होते. बाई आम्हाला संख्यात्मक पद्धती शिकवत. कागदावर सुटत नाहीत अशी गणिते संगणकाकडून सोडवून घ्यायचे हे शास्त्र. पहिल्याच कामात मी एका तुळईच्या वाकण्याचे गणित करणारा प्रोग्राम लिहिला होता. आलेख देखणा आला होता. तो मी रंगीत छापून आणला होता आणि, खोटे कशाला सांगू, वर्गात दोघीतिघींना दाखवूनही झाला होता. बाईंनी आलेखाकडे पाहिलेच नाही.

"सापळा लावून चालवलात?" त्यांनी विचारले.

"कसला सापळा, बाई?"

"बसा. लावू या."

त्यांनी माझ्या प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ घातली आणि तो पुन्हा चालवला. माझा देखणा प्रोग्राम मध्यावरच बंद पडला. पडद्यावर एक रूक्ष वाक्य आणि ज्या ओळीवर घोटाळा झाला तिचा क्रमांक, बस्स. माझ्या डोळ्यांत पाणी आले. सगळा वर्ग पाहत होता. बाईंनी पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, त्यातली आलेपाकाची एक वडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "अभिनंदन, पाठक. तुमचा प्रोग्राम आज पहिल्यांदा खरं बोलला." मला ती थट्टा वाटली. पुढे कळले की हा त्यांच्या प्रयोगशाळेचा रिवाजच होता. ज्याचा प्रोग्राम सापळ्यात अडकून थांबेल त्याला वडी मिळे. ज्याचा सुखरूप पार पडे त्याला काहीही मिळत नसे.

या ग्रंथाचे सगळेच वाचक आमच्या धंद्यातले नाहीत, म्हणून हा सापळा काय ते थोडक्यात सांगते. शून्याला शून्याने भागायला सांगितले तर माणूस थांबतो आणि हे जमायचे नाही म्हणतो. संगणक अपूर्णांकांच्या गणितात तसे करत नाही. उत्तराच्या जागी तो 'हा अंकच नाही' अशा अर्थाची एक खूण ठेवतो आणि निमूटपणे पुढच्या ओळीकडे जातो. ती खूण मग पुढच्या बेरजेत जाते, तिथून गुणाकारात जाते. तिच्याबद्दल काहीही विचारा, उत्तर नकारार्थीच मिळते. ही अमक्यापेक्षा लहान आहे का? नाही. मोठी आहे का? नाही. स्वतःएवढी तरी आहे का? तेही नाही. बाई वर्गात म्हणत, "नापास झालेल्यांनी हात वर करा, असं मी सांगितलं. परीक्षेलाच न बसलेल्या मुलाने हात वर केला नाही. म्हणून मी त्याला पास धरला. तुमचा संगणक दिवसभर हेच करत असतो."

अशा वेळी जागच्या जागी थांबण्याची सोय यंत्रात असते, पण ती बहुतेक ठिकाणी बंद करून ठेवलेली असते. आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. पुस्तकात याला फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन पकडणे असे भारदस्त नाव आहे. बाईंनी त्याला सापळा म्हटले आणि आम्ही सगळे तेच म्हणू लागलो. नवा प्रोग्राम हाती आला की पहिले काम सापळा लावण्याचे, उत्तराबद्दल बोलायचे ते त्यानंतर. त्यातही त्यांचे तारतम्य होते. अर्थहीन क्रिया, शून्याने भागाकार आणि आवाक्याबाहेर गेलेला अंक, एवढ्यांवरच त्या सापळा लावत. एका उत्साही मुलाने दशांशांच्या काटछाटीवरही तो लावला आणि त्याचा प्रोग्राम सुरू होताच थांबला. बाई त्याला म्हणाल्या, "अहो, एकाला तीनने भागलं तरी हा ओरडतोय. सोसायटीच्या वॉचमनला मांजर गेलं तरी शिट्टी वाजवायला सांगितलीत, तर चोर आल्यावर उठणार कोण?" त्या मुलाला वडी मिळाली नाही.

बाईंचे बालपण खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत गेले. वडील तपासणीच्या कामावर होते. घराणे पुण्यातले जुने, बोलणे शुद्ध आणि जरुरीपुरते. वर्गात त्यांनी घरची गोष्ट सांगितलेली मला एकदाच आठवते. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारले होते, की तुमच्या कारखान्यात सगळ्यात धोक्याचे काय? वडील म्हणाले होते, जे फुटायला हवे होते आणि गप्प राहिले ते. एवढे सांगून बाई फळ्याकडे वळल्या आणि अपूर्ण राहिलेले समीकरण पुरे करू लागल्या.

आता त्या चुकीकडे येते. बाईंनी अध्यापनाच्या उमेदीच्या काळात एक प्रोग्राम लिहिला होता, त्याचे नाव 'उतार'. डोंगराचा उतार किंवा त्याला टेकू देणारी भिंत घसरेल की टिकेल, हे तो सांगे. माती घसरते ती साधारण कमानीसारख्या रेषेवरून. 'उतार' अशा शेकडो कमानी कल्पून पाही. प्रत्येकीसाठी मातीला धरून ठेवणारा जोर हा तिला खाली ओढणाऱ्या जोराच्या किती पट आहे, ते काढी, आणि त्यातला सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवी. तो दीडच्या वर असेल तर उतार सुरक्षित समजायचा. बाईंनी हा प्रोग्राम मागेल त्याला फुकट दिला. आधी फ्लॉपीवर दिला, मग ईमेलने. राज्यभरातले कितीतरी अभियंते तो वापरत आणि बाईंचा आहे म्हटल्यावर कुणी शंका घेत नसे.

बाई निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. मी तेव्हा एका सल्लागार अभियंत्यांच्या कचेरीत नोकरीला होते. बिबवेवाडीच्या डोंगरउतारावर एक जुनी दगडी भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी घरांची एक रांग. भिंतीच्या वर नव्या गृहप्रकल्पाकडे जाणारा रस्ता व्हायचा होता. रस्त्याचे जादा वजन भिंतीला पेलेल का, एवढे आमच्या कचेरीने सांगायचे होते. मी 'उतार' चालवला. उत्तर आले, एक पूर्णांक सहा. साहेब खूश झाले. पावसाळ्याआधी अहवाल द्यायचा होता आणि रस्त्याचे काम सुरू व्हायचे होते.

त्या आठवड्यात एका दुपारी मी लष्कर भागातल्या बाईंच्या घरी गेले होते. तुमचा प्रोग्राम अजून आमच्या उपयोगी पडतो, हे त्यांना सांगून बरे वाटावे, असा माझा विचार. मी भिंतीची हकिकत सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सापळा लावून चालवलात?"

"बाई, तुमचाच तर प्रोग्राम आहे!"

"मग तर लावायलाच हवा. दुसऱ्या कुणाचा असता, तर तुम्ही आपणहून लावला असतात."

जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या बाजूला सारून मी लॅपटॉप उघडला. बाईंनी ती ओळ तोंडी सांगितली, मी लिहिली आणि कळ दाबली. 'उतार' क्षणभर चालला आणि थांबला.

तो थांबला त्या ओळीवरचे आकडे आम्ही एकेक करून पाहिले. भिंतीच्या ऐन पायथ्यातून जाणाऱ्या एका कमानीपाशी छेदात शून्य येत होते आणि अंशातही शून्य येत होते. मग ती खूण तयार होत होती. हा आकडा आतापर्यंतच्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा लहान आहे का, असे 'उतार' इमानेइतबारे विचारत होता. नाही, असे उत्तर मिळत होते. म्हणून तो ती कमान सोडून पुढे जात होता. पायथ्यातून जाणाऱ्या कमानींची अख्खी रांगच त्याने अशी सोडून दिली होती. भिंत जिथून घसरायची, नेमके तिथलेच त्याने तपासले नव्हते. एक पूर्णांक सहा हा उरलेल्या निरुपद्रवी कमानींचा आकडा होता.

बाईंनी कागद मागितला. वगळलेल्यांपैकी एक कमान त्यांनी हाताने सोडवायला घेतली, जुन्या पद्धतीने, मातीचे उभे काप पाडून. मी आकडे वाचत होते, त्या मांडत होत्या. उत्तर एकाच्या किंचित वर आले. भिंतीमागे पावसाचे पाणी साठले असे धरले, तेव्हा ते एकाच्या खाली गेले. एकाच्या खाली म्हणजे भिंत उभी राहायला कारण उरत नाही.

"इथे सापळा होता," बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "मीच काढला."

मग त्यांनी सांगितले. फार पूर्वी अभियंत्यांसाठी त्यांनी एक प्रशिक्षणवर्ग घेतला होता. 'उतार' मधेच थांबे आणि लोक वैतागत. बाईंचा प्रोग्राम बंद पडतो, अशी कुजबुज सुरू झाली. वर्ग नीट पार पडावा म्हणून बाईंनी जेवणाच्या सुट्टीत ती ओळ तात्पुरती काढली. दुपारनंतर कुणाचाच प्रोग्राम थांबला नाही आणि सगळे खूश होऊन घरी गेले. ती ओळ परत घालायची राहून गेली. "आपल्याकडे तात्पुरतं म्हणून जे करतात ते नातवंडांना पुरतं," बाई म्हणाल्या, पण नेहमीची धार त्या वाक्याला नव्हती.

आलेपाकाची डबी टेबलावर बरण्यांतच होती. मला दुसरे काही सुचेना. मी ती उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. रिवाज त्यांचाच होता. बाईंनी डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, एक वडी उचलली आणि कितीतरी वेळ ती तशीच बोटांत धरून बसल्या. मग तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते आल्याचे होते, असे त्या आजही म्हणतात आणि मी वाद घालत नाही.

मी लगेच साहेबांना फोन केला आणि अहवाल थांबवला. 'उतार' दुरुस्त करणे सोपे होते. अवघड होते ते पुढचे. त्याच महिन्यात अभियंत्यांची एक संस्था 'उतार'साठीच बाईंचा सत्कार करणार होती. बाईंचे जुने सहकारी प्रा. गद्रे, अत्यंत सज्जन गृहस्थ, त्यांना भेटायला आले. मी तिथेच होते. ते म्हणाले, "झुबेदाताई, चूक दुरुस्त झाली ना? मग नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवा. सुधारित म्हणा. एवढ्या वर्षांचं नाव आहे, ते का घालवता?"

बाई म्हणाल्या, "सुधारित म्हटलं की लोक सवडीने उघडतात. चुकीची म्हटलं की आज उघडतात. पाऊस काही सवडीने यायचा नाही, गद्रे."

गद्रेसरांनी मान हलवली आणि चहा घेऊन ते गेले.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरले होते. अध्यक्षांनी शाल उलगडली तेव्हा बाईंनी हात जोडून त्यांना थांबवले आणि ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. त्या जे बोलल्या ते मला जसेच्या तसे आठवते. "आपण ज्या प्रोग्रामसाठी मला ही शाल देत आहात, तो काही ठिकाणी चुकीचं उत्तर देतो. धोकादायक उताराला सुरक्षित म्हणतो. त्यातली खबरदारी मी स्वतः काढून टाकली होती. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आपल्यापैकी ज्यांनी तो वापरला असेल त्यांनी आपली कामं कृपया पुन्हा तपासावीत. मदत लागली तर मी घरी असते. शाल राहू द्या." एवढे बोलून त्या खुर्चीवर येऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळले नाही. मागच्या रांगेतून एकाने तावातावाने विचारले, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आधी कळलं असतं, तर आधी सांगितलं असतं."

त्याची किंमत त्यांनी भरली. शून्याने भागणाऱ्या बाई, असे त्यांचे नाव पडले. ज्यांनी वर्षानुवर्षे प्रोग्राम फुकट वापरला, त्यांतल्याच काहींनी हे पाठीमागे बोलून दाखवले. मला त्यांचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. पण पुष्कळांनी फोनही केले. जुनी कामे काढली, पुन्हा तपासली. काही ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या. कुठे आणि कुणाच्या, हे बाई सांगत नाहीत. त्या विश्वासाने आलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत, असे त्या म्हणतात.

बिबवेवाडीच्या भिंतीचा प्रश्न मात्र टेबलावर सुटणारा नव्हता. पाऊस तोंडावर आला होता आणि भिंतीखाली माणसे राहत होती. संबंधित सरकारी कचेरीतले अधिकारी म्हणाले, "मॅडम, पडेल की पडणार नाही, एक काय ते लिहून द्या." बाईंनी लिहून दिले, की पडेल की नाही हे सांगता येत नाही आणि सांगता येत नसताना तिच्याखाली माणसांना झोपू देऊ नये. पावसाळाभर त्या कुटुंबांना जवळच्या एका शाळेत हलवायचे ठरले. ते त्यांना सांगायला जाण्याची बाईंना काही गरज नव्हती. तरी त्या गेल्या. मी सोबत होते.

वस्तीत पहिले घर रेखाताई वानखेडे यांचे होते. यवतमाळकडून पोटासाठी पुण्याला आलेले कुटुंब. नवरा बांधकामावर, आणि रेखाताई घरीच मशीनवर साड्यांना फॉल-पिको करीत. बाईंनी आपल्या स्वच्छ, सावकाश मराठीत सगळे समजावून सांगितले. रेखाताईंनी मशीन थांबवून ऐकून घेतले.

"थे सगळं जाऊ द्या. भिंत पडनार हाये का, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही."

"मालूम नाई, मंग कायले काढता आमाले भाईर?"

"माहीत नाही, म्हणूनच."

"वा! आन् मा‍या गिऱ्हाइकाचं काय? शाळेत येनार हायेत का बाया साड्या घिऊन?"

बाई हळूच म्हणाल्या, "आपलं म्हणणं बरोबर आहे." मग आम्ही पुढच्या घरी गेलो आणि तिथेही बोलणी खाल्ली.

पावसाळा सुरू झाला आणि रेखाताईंचे मशीन शाळेच्या व्हरांड्यात आले. काही दिवसांनी मी तिकडे गेले, तर फाटकाशी रिक्षा उभी आणि तिच्यातून साड्यांचे गाठोडे घेऊन बाई उतरत होत्या. लष्कर भागातल्या ओळखीच्या साऱ्या घरांतून त्यांनी फॉल लावायच्या साड्या गोळा केल्या होत्या. तो पावसाळा संपेपर्यंत त्या साड्या आणत होत्या आणि झालेल्या परत नेत होत्या. गुडघे तेव्हाही दुखतच होते. आपण कोण, कुठल्या, हे त्यांनी तिथे परत कधी सांगितले नाही आणि रेखाताईंनी विचारलेही नाही. बाईंच्या परोपकाराच्या अनेक आठवणी या ग्रंथात येतील. मला विचाराल तर माझ्यासाठी ही एक पुरे आहे.

भिंत पडली नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, डोंगरावरून लाल पाणी वाहिले आणि भिंत होती तशी उभी राहिली. वस्तीतले लोक चिडले, काही हसले. आमचे साहेब तर म्हणाले, की बघा, उगाच गोंधळ घातला. माझे त्यांच्याशी पटेनासे झाले आणि मी ती नोकरी सोडली. मी बाईंकडे जाऊन रडले. मला त्यांच्या तोंडून ऐकायचे होते, की भिंत पडायला हवी होती, म्हणजे लोकांना कळले असते. बाई एवढ्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "पाठक, परत असं मनातसुद्धा आणू नका. आपण बरोबर होतो हे कळावं म्हणून कुणाचं घर पडायला हवं का?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्यापासून रोज या. 'उतार' पहिल्यापासून लिहायचा आहे. मला एकटीला डोळ्यांनी जमणार नाही." त्यांचे डोळे तेव्हा उत्तम होते.

पावसाळ्यानंतर भिंतीला पाणी वाहून जाण्यासाठी भोके पाडली, पायथ्याशी आधार बांधले आणि वरचा रस्ता दुसरीकडून नेला. कुटुंबे घरी परतली. मूळची भिंत पुढच्या एखाद्या पावसाळ्यात कोसळली असती की तशीच शंभर वर्षे उभी राहिली असती, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही.

नवा 'उतार' आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तो अडला की थांबतो आणि पडद्यावर मराठीत वाक्य येते, 'येथे उत्तर निघत नाही. कृपया माणसाने पाहावे.' हे वाक्य बाईंचे. ते पाहूनच खराडीतल्या एका कंपनीने मला बोलावले आणि मी आजही तिथे काम करते. माझ्या हाताखालची मुले हुशार आहेत, पण घाईची. "मॅम, रन तर होतोय ना, मग इश्यू काय आहे?" असे रोज कुणीतरी विचारते. मी विचारते, "सापळा लावून चालवलात?" माझ्या टेबलावर आलेपाकाची डबी असते. मुले तिला क्रॅश प्राइझ म्हणतात. म्हणोत बापडी, वडी मात्र आवडीने खातात.

हा लेख लिहिण्याआधी, तपासून घ्या या बाईंच्या सूचनेला अनुसरून मी बिबवेवाडीला जाऊन आले. रेखाताई मशीनवरच होत्या. त्यांनी त्याच दगडी भिंतीत खिळा ठोकून दोरी बांधली आहे आणि तिच्यावर धुतलेल्या साड्या वाळत होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. मी त्या पावसाळ्याची आठवण दिली.

"हो, ठेवलं होतं ना आमाले शाळेत. फालतू! भिंत तं हे पाहा, जशीच्या तशी हाये."

"तेव्हा एक बाई यायच्या, इनामदारबाई. आठवतात?"

रेखाताईंनी आठवून पाहिले. "इनामदार नाई मालूम. साडीवाल्या एक म्हाताऱ्या बाई येत जात. लय साड्या होत्या बाप्पा त्यायच्यापाशी. बऱ्या हायेत का त्या?"

बऱ्या आहेत, म्हणून मी सांगितले. परतताना वाटेत थांबून बाईंना फोन केला आणि सगळे बोलणे शब्दशः ऐकवले. बाई हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, "साडीवाल्या! छान. त्यांना काही सांगितलं नाहीत ना? आता तसंच राहू द्या."

म्हणून, रेखाताईंच्या कानावर हा लेख कधी पडणार नाही, या भरवशावर मी हा प्रसंग येथे दिला आहे. बाईंना पंचाहत्तराव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना माझे एक मागणे आहे. गुडघे दुखले, छातीत धडधडले, तर त्या विचारणाऱ्याला काही नाही असे सांगून पुढे चालू लागतात. बाई, नव्या 'उतार'ला आपण हे करू दिले नाहीत. आपणही अडलात की तिथेच थांबावे आणि आम्हाला हाक मारावी. आम्ही आलेपाक घेऊन येऊ. आपणांस निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आपली खोचक बोलणी आम्हाला अजून पुष्कळ वर्षे ऐकायला मिळोत. आणि बिबवेवाडीच्या त्या भिंतीवर दर पावसाळ्यानंतर साड्या वाळत राहोत आणि तिच्या सावलीत राहणाऱ्या कुणालाही झुबेदा इनामदार कोण, हे विचारण्याची वेळ कधीही न येवो.